खालच्या भुयारातली राळ

६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

दादाचे आशीर्वाद, आणि सोबत एक पुडकं. आशीर्वाद नुसते ठेवून घेतलेस तरी चालेल, पुडकं मात्र आजच उघड.

आत राळेचे सहा खडे आहेत. लाल दोऱ्याचे तीन बाबांनी खणलेल्या वरच्या भुयारातले. पांढऱ्या दोऱ्याचे तीन खालच्या भुयारातले, म्हणजे आम्ही गेल्या वर्षी त्याच टेकडीत अठरा हात खाली नव्याने काढलं त्यातले. बाबा काय म्हणायचे आठवतं ना? जेवढं खोल तेवढं जुनं, आणि जेवढं जुनं तेवढं पक्कं. त्या न्यायाने खालचा माल वरच्यापेक्षा सरस निघायला हवा. पण परवा आपला तो चष्मेवाला व्यापारी आला. बाबांच्या काळापासून आपले मणी तोच नेतो. त्याने खिशातून स्पिरिटची बाटली काढली, खालच्या खड्यावर बोळा फिरवला आणि बोट टेकवलं. बोट चिकटलं! म्हणतो कसा, "ही कच्ची राळ आहे. कालपरवाच्या झाडाचा चीक. मला काय दूधखुळा समजलात?" म्हातारबा आणि त्यांचा जावई, आपले दोन्ही खणणारे, समोरच उभे होते. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तू त्या संग्रहालयाच्या प्रयोगशाळेत बसून जगभरच्या राळेचं कूळमूळ काढतेस. तेव्हा खालचा माल जुना आणि पक्का आहे असं एक सर्टिफिकेट सही-शिक्क्यानिशी दे. चष्मेवाल्याच्या नाकावर टिच्चून दाखवतो.

वहिनी बरी आहे. दिवसभर मण्यांना भोकं पाडते आणि तुझी आठवण काढते. म्हणजे तू मागच्या खेपेला फोडलेल्या बरणीची.

तुझा दादा

१५ फेब्रुवारी

तीर्थरूप दादासाहेब,

बरणी मी फोडली नाही, ती आधीच तडकलेली होती. वहिनीला सांग.

आता तुझे खडे. माझं काम म्हणजे जादू नव्हे, तेव्हा नीट वाच. प्रत्येक खड्याचा मोहरीएवढा तुकडा खरवडून मी पांढऱ्या क्षाराबरोबर खलात घोटते आणि दाबून त्याची पारदर्शक टिकली करते. टिकलीतून अवरक्त किरण सोडले की यंत्राचं पेन कागदावर एक वरखाली जाणारी रेघ काढतं. झाडाची जात बदलली की रेघ बदलते, आणि वय वाढलं तरी बदलते. ताज्या चिकाच्या रेघेत ठरावीक जागी दोन टोकं ताठ उभी असतात. लाखो वर्षं जमिनीत काढली की ती बसत जातात, आणि पक्क्या राळेत जवळजवळ सपाट होतात.

लाल दोऱ्याचे तिन्ही खडे पक्के आहेत, कोट्यवधी वर्षांचे. बाबांचा माल, प्रश्नच नाही. पांढऱ्या दोऱ्याच्या तिन्हींची टोकं ताठ. फार तर हजार-दोन हजार वर्षांचे असतील, कदाचित त्याहून लहान. तुझा चष्मेवाला बरोबर आहे.

पण खालचं तरुण आणि वरचं म्हातारं असं होईल कसं? तेव्हा खरं सांग, दोऱ्यांची अदलाबदल केलीस ना? तुझी घाई मला माहीत आहे. शाळेत तू एकदा माझंच दप्तर घेऊन गेला होतास.

भिंगरी

२४ फेब्रुवारी

भिंगरे,

दप्तराची गोष्ट अडतीस वर्षं जुनी झाली, आता तरी तिच्या रेघेतली टोकं बसू देत.

दोरे मी स्वतः बांधले, जिथे खडा निघाला तिथेच, भुयारात, कंदिलाच्या उजेडात. बाबांनी लावलेली शिस्त आहे ती. खडा हातात आला की आधी दोरा, मग दुसरं काम. बाकी कशातही मी गोंधळ घालीन, यात नाही. तुझं यंत्र काय ते बोलतं, माझे हात बोलत नाहीत म्हणून ते खोटे का?

आणि एक सांगतो, खालचं भुयार म्हणजे सुख आहे सुख. वर बाबांना छिन्नीने खडक फोडावा लागायचा. खाली माती अशी मऊ की कुदळ लोण्यात शिरावी तशी शिरते. मध्येच लाकडाचे ओंडके लागतात, अजून साल आहे त्यांना. परवा जावयाने एक तोडला तर आतून झाडाचा वास आला. खडे तर मुठीमुठीएवढे. असा माल या टेकडीत कुणी पाहिला नव्हता.

पुन्हा तपास कर, आणि या खेपेला चष्मा पुसून.

दादा

४ मार्च

दादा,

रागावू नकोस, आणि हे पत्र एकट्याने बसून वाच.

तुझे दोरे बरोबर आहेत, मी चुकीचं बोलले. पुन्हा तपासलं, उत्तर तेच आलं. मग तुझं पत्र घेऊन मी खालच्या मजल्यावर आमच्या खडकवाल्या बाईंकडे गेले. बाईंची हयात दगडांत गेली आहे. त्यांनी "साल असलेले ओंडके" हे शब्द दोनदा वाचायला लावले आणि चहाचा कप खाली ठेवला.

त्या म्हणाल्या, जुन्या खडकाखाली ताजं झाड सापडतं याचा अर्थ एकच. तो खडक तिथला नाही. टेकडीचा वरचा भाग केव्हातरी सुटून खाली घसरला आणि उभ्या जंगलावर जाऊन बसला. तुमचं ते मऊ मऊ भुयार बरोबर त्या दोघांच्या मधून जातंय. एकदा घसरलेली टेकडी पुन्हा घसरायला फार कारण लागत नाही. तिच्या पायाखालची माती कोणी उपसली तरी पुरतं.

दादा, माती तुम्ही उपसताय. आणि घरसुद्धा त्याच उतारावर आहे.

मला चारच गोष्टी कळव. घराची दारं नीट लागतात का? भिंतींना फटी गेल्यात का? भुयारात पाणी झिरपतं का, आणि ते गढूळ आहे का? टेकू वाकलेत का? उत्तर येईपर्यंत कोणालाही खाली पाठवू नकोस. माझी शपथ आहे तुला.

भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,

खडकवाल्या बाईंना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, ज्या टेकडीवर माझा जन्म गेला तिची कुंडली तुम्ही चहा पिता पिता मांडलीत, धन्य आहे.

तुझी चार उत्तरं. दार कोणाचं फुगत नाही? रंधा मारला, आता लागतं. परवा पुन्हा मारावा लागला, लाकूडच हलकं आहे. पाणी कुठल्या भुयारात नसतं? आणि मातीतून येतं म्हटल्यावर ते गढूळच असणार, दूध थोडंच येणार! टेकू वाकले होते, त्यांना जोडीला नवे दिले.

शपथा घालू नकोस. तुझ्या पत्रापायी इथे भलताच खेळ झालाय. जावयाला थोडं वाचता येतं. त्याने ते माझ्या खिशातून पडलेलं उचललं आणि म्हातारबांना वाचून दाखवलं. मंगळवारपासून दोघं भुयाराच्या तोंडाशी बसून आहेत. म्हातारबा म्हणतात आत काहीतरी कण्हतं. अगं, नव्या टेकूवर भार आला की तो बोलतोच. चाळीस वर्षं ज्यांनी टेकू ठोकले त्यांना हे मी शिकवायचं का?

बाबा गेले तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस. तेव्हापासून या टेकडीने आपल्याला जगवलं, तुला त्या यंत्रासमोर नेऊन बसवलं. आता तीच टेकडी लबाड ठरवायची? मला दुसरं काही येत नाही, भिंगरे. पन्नाशीत मी कुठे जाऊ आणि काय करू?

सोबत एक खडा पाठवतोय, अगदी टोकाच्या कोपऱ्यातला, जिथवर आम्ही पोचलोय त्या सगळ्यात खोल जागेचा. हा जुना निघाला तर टेकडी जागची आहे असं मानशील? मानशील तर तसं कागदावर लिहून दे. कच्चा निघाला तर मीही काय ते समजेन.

दादा

२२ मार्च

प्रिय दादा,

मी हरले! आणि हरल्याचा एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

तुझा टोकाचा खडा पक्का आहे. दोन्ही टोकं बसलेली, रेघ अगदी बाबांच्या खड्यांसारखी. तीनदा काढली. म्हणजे आधीचे खडे एखाद्या खाचेत वरून कधीतरी ओघळलेल्या चिकाचे असणार, आणि तुझे ओंडके त्याच खाचेत पडलेल्या झाडांचे. खडकवाल्या बाईंना सांगितलं. त्यांना पटलं नाही, पण त्यांना कधीच काही पटत नाही. जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय सही करणार नाही म्हणाल्या. मग मीच केली. सर्टिफिकेट सोबत आहे. "सर्वांत खोल जागेचा नमुना तपासला, तो जुना व पक्का आहे. थर जागचे आहेत." दुसरं वाक्य खरं तर माझ्या कामातलं नाही. पण तुझ्या पत्रातलं ते "मी कुठे जाऊ" वाचल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. तू माझ्यासाठी काय काय केलंस ते मी विसरलेले नाही, फक्त तोंडाने बोलले नाही कधी.

खड्यांना हात लावायच्या आधी साबण नीट धुऊन टाकत जा. रेघेच्या शेवटाला एक जुळं टोक आलं होतं, अगदी छोटं. साबणाचं किंवा हाताच्या तेलकटपणाचं असं येतं. मी ते सोडून दिलं.

आणि भिंतींचं तू लिहिलंच नाहीस. विसरला असशील.

तुझीच भिंगरी

३१ मार्च

माझ्या गुणी भिंगरे,

जिंकलीस! हरलीस कसली?

तुझं सर्टिफिकेट मी जावयाकडून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घेतलं. मग त्याला लाकडी चौकट केली, वर काच बसवली आणि भुयाराच्या तोंडाशी खिळ्याला टांगलं. येता-जाता दिसतं. म्हातारबा बराच वेळ त्याच्यासमोर उभे होते. त्यांना अक्षर कळत नाही, पण शिक्का कळतो. म्हणाले, "धाकट्या ताईंनी लिहिलंय म्हटल्यावर झालं." आणि कुदळ उचलून आत गेले. मागोमाग जावई. गेले चार दिवस दोघं खालीच आहेत. चष्मेवाल्यालाही नक्कल पाठवली.

भिंतीचं विचारलं होतंस. बाहेरच्या खोलीत एक फट आहे, तिच्यात आता माझं बोट जातं. वहिनीने तिच्यावर कॅलेंडर लावून टाकलंय. भांडी फळीवरून आपोआप सरकतात, त्यांना खाली काठी लावली. जुनं घर आहे, म्हातारपणी कोणाच्या हाडांचा आवाज होत नाही?

बाकी मजेत. माल एवढा की वहिनीला मान वर करायला फुरसत नाही. दिवसभर मण्यांना मेण चोळून चकाकी देत बसलेली असते, हातांना मेणाचा वास जात नाही. मी तिला म्हणतो, तुला पेटवलं तर महिनाभर उजेड देशील.

एक खूप दिवस मनात आहे, समोर आलीस की सांगेन. हसशील तू.

तुझा दादा

तार, ४ एप्रिल

भुयारातून सर्वांना बाहेर काढ. घर सोडा. सर्टिफिकेट खोटं. पत्र येतंय. भिंगरी.

४ एप्रिल

दादा,

तार मिळाली असेल. ती गंमत नव्हती.

तुझं पत्र आज सकाळी आलं. "मेण" हा शब्द वाचला आणि पत्र तसंच टाकून उठले. मेणाचा खडा आणून टिकली केली, रेघ काढली. शेवटाला तेच जुळं टोक, त्याच जागी. तुझ्या टोकाच्या खड्यात मी साबण म्हणून सोडून दिलं ते मेण होतं. जमिनीतून निघालेल्या खड्याला कोणी मेण चोळत नाही, दादा. चोळतात ते तयार मण्याला. तू मला भुयारातला खडा पाठवलाच नाहीस. बाबांच्या राळेचा एखादा जुना मणी फोडून पाठवलास.

का केलंस ते मला कळतं. रागावलेसुद्धा नाही. मला कच्चं ऐकायचं नव्हतं आणि तुला सांगायचं नव्हतं, दोघांनी मिळून डोळ्यांवर कातडं ओढलं. पण म्हणजे तुझे पांढऱ्या दोऱ्याचे खडे हेच खरे आहेत. टेकडी जागची नाही. फट, भांडी, दार, पाणी, सगळं बाई म्हणाल्या तसंच आहे. ती चौकट काढ. सगळ्यात आधी ती चौकट काढ, तिच्यावर माझी सही आहे.

उद्याच्या गाडीने मी निघतेय.

भिंगरी

१९ एप्रिल

प्रिय वन्सं,

तुम्ही खालच्या गावापर्यंत आला होतात आणि रस्ता नाही म्हणून तुम्हाला परत फिरावं लागलं, असं पोस्टमन सांगत होता. रस्ता अजून नाही. मी शाळेत आहे, म्हातारबांच्या लेकीबरोबर. अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले, बाकी काही उरलं नाही. पण लिहायला पाहिजे, नाहीतर तुम्हाला कोण सांगणार?

तार पाच तारखेला सकाळी दहाला आली. हे अंगणात खडे निवडत होते. वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मी विचारलं काय आहे, तर म्हणाले, "भिंगरीला कळलं." एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा वाचलीसुद्धा नाही. तार खरी की खोटी हे त्यांनी कोणाला विचारायचं होतं? मणी तर त्यांनीच फोडला होता.

मला म्हणाले, घरातून काही न घेता शाळेकडे चालायला लाग. मग भुयाराकडे गेले. मी वळून पाहिलं. त्यांनी आधी ती चौकट काढली आणि काच खाली करून पालथी ठेवली. मग आत शिरले. थोड्या वेळाने म्हातारबा बाहेर आले, त्यांच्यामागे जावई, हात मोडलेला. म्हातारबा म्हणाले, एक टेकू निसटला होता तो ह्यांनी खांद्यावर घेतला आणि दोघांना म्हणाले तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आवाज फार झाला नाही, वन्सं. कोणी धान्याचं पोतं खाली ठेवावं तेवढाच. मग वरचं भुयार, घर, रस्ता, सगळं हळूहळू खाली चालत गेलं. मी बघत होते. लोक म्हणतात आता खणण्यात अर्थ नाही.

जावई रोज येऊन बसतो. 

आता माझं एक. तो मणी माझ्या माळेतला होता. सासूबाईंनी लग्नात घातलेली माळ, तिच्यातला मधला मोठा. ह्यांनी मागितला आणि मी काढून दिला. म्हणाले, "भिंगरीची भीती जाईल, म्हातारबांचीही जाईल, आणि सगळं आधीसारखं होईल." मलाही तेच हवं होतं. घर सोडून मी तरी कुठे जाणार होते? भोक दिसू नये म्हणून त्यांनी मण्याची भोकाबाहेरची कड तेवढी फोडून घेतली, आणि मी तुकडा मातीत लोळवून दिला. पण त्याआधी गरम पाण्याच्या फडक्याने तीनदा पुसला होता, मेण राहू नये म्हणून. मला वाटलं निघालं सगळं.

रात्रंदिवस एकच विचार येतो. मी नीट पुसलं नाही म्हणून तुम्हाला कळलं आणि ते दोघं वाचले. की आणखी कमी पुसलं असतं तर तुम्हाला आधीच कळलं असतं? खरं सांगा वन्सं. तुमच्या यंत्राला ते मेण केव्हा दिसलं?

तुमची वहिनी

२७ एप्रिल

प्रिय वहिनी,

पहिल्याच दिवशी.

रस्ता झाला की मी तुला न्यायला येते. माझ्याकडे दोन खोल्या आहेत.

भिंगरी